जुनी जीप किंवा जिप्सी घेताय? आधी तिचे आकडे वाचायला शिका

जुनी फोर बाय फोर पहिल्यांदा बघायला जाणारा माणूस दोनच गोष्टी विचारतो: किती सीसीची आहे आणि ॲव्हरेज काय देते. या दोन आकड्यांवरून ती गाडी चढावर काय करेल, हे अजिबात कळत नाही. ज्यांच्यावरून कळतं, ते आकडे विकणारा सहसा सांगत नाही, कारण बहुतेक वेळा त्यालाही ते माहीत नसतात. शिवाय तीस-चाळीस वर्षांत गाडीखालचे भाग इतक्यांदा बदललेले असतात की कागदावरची गाडी आणि दारात उभी असलेली गाडी एकच आहे, हे आपल्यालाच तपासावं लागतं. हा लेख त्यासाठी आहे. गाडी बघायला जाण्याआधी एकदा वाचा आणि जाताना सोबत ठेवा.

१. कोणत्या घराण्याची गाडी हवी, ते आधी ठरवा

आपल्याकडे छोट्या जुन्या फोर बाय फोरची मुख्य घराणी दोन: विलीज़ आणि सुझुकी.

विलीज़ घराण्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातली विलीज़ एमबी. २१९९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, तीन गिअर आणि ८० इंचांचा, म्हणजे २०३२ मिमीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर). १९५३ साली विलीज़ने सीजे ३बी आणली. इंजिनाची क्षमता तीच ठेवली, पण इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्या गावागावांत दिसणारी उंच नाकाची महिंद्रा जीप ती हीच. मुंबईत महिंद्राने विलीज़च्या परवान्यावर जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे याच सांगाड्यात वेगवेगळी डिझेल इंजिनं बसवली. त्यांतलं सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे एमएम ५४० मधलं प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल.

सुझुकी घराणं सुरू झालं १९७० साली, एलजे १० पासून. जपानमधल्या छोट्या गाड्यांच्या नियमात बसायला इंजिन ३६० सीसीच्या आत आणि लांबी तीन मीटरच्या आत हवी होती, म्हणून दोन सिलिंडरचं ३५९ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घातलं आणि स्टेपनी मागे टांगण्याऐवजी आत ठेवली. पुढे एसजे ४१० आली आणि तिचीच लांब व्हीलबेसची आवृत्ती १९८५ च्या अखेरीस आपल्याकडे मारुती जिप्सी म्हणून उतरली.

जिप्सीचे टप्पे पाठ करून जा, कारण विकणारे ते सर्रास गोंधळून सांगतात:

- एमजी ४१०: ९७० सीसी, सुमारे ४५ हॉर्सपॉवर, कार्बोरेटर, चार गिअर. व्हीलबेस २३७५ मिमी.
- एमजी ४१०डब्ल्यू: १९९३ पासून. इंजिन तेच, पण डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सुमारे ९० मिमीने वाढवलेलं.
- जिप्सी किंग, एमजी ४१३डब्ल्यू: १९९६ पासून. १२९८ सीसी, आठ व्हॉल्व्ह, ६० हॉर्सपॉवर, पाच गिअर.
- किंग एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन: २००० पासून. सोळा व्हॉल्व्ह, ८० हॉर्सपॉवर.

नाव सारखं असलं तरी अरुंद चाकांची आणि रुंद चाकांची जिप्सी वळणावर वेगळ्या वागतात. डोंगरात आडव्या उतारावरून जायचं असेल, तर रुंदच घ्या.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने जिप्सी किंग घ्यावी. सुटे भाग मिळतात आणि रोज चालवता येते. सीजे ३बी ज्याला स्वतः पान्हा हातात धरायची आवड आहे, त्याच्यासाठी. तिच्यासारखी साधी आणि प्रामाणिक यंत्ररचना आज कोणी बनवत नाही, पण ती दर महिन्याला तुमचा वेळ मागते.

२. हॉर्सपॉवर सोडा, गुणाकार करा

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. गाडी दगडावर किंवा चिखलात किती सावकाश आणि किती जोरात रेटते, हे तीन आकड्यांच्या गुणाकाराने ठरतं: पहिल्या गिअरचं गुणोत्तर, ट्रान्सफर केसचं (गिअरबॉक्समागची पेटी, जी जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटते) लो रेंजचं, म्हणजे सावकाश पण जोरदार चालीचं गुणोत्तर आणि डिफरेन्शियलचं (ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) गुणोत्तर.

९७० सीसीच्या जिप्सीत हे आकडे ३.१३६, २.५११ आणि ४.१११ आहेत. गुणाकार येतो साधारण ३२.४. जिप्सी किंगमध्ये ३.६५२, २.२६८ आणि ३.९०९. तो गुणाकारही साधारण ३२.४ च! इंजिन मोठं झालं, गिअर बदलले, तरी सुझुकीने शेवटी रेटण्याची ताकद तेवढीच राखली. विलीज़च्या सीजे ३बीत २.७९८, २.४६ आणि ५.३८, म्हणजे सुमारे ३७.

आता याचा अर्थ बघा. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, त्याचा घेर सुमारे २.१ मीटर. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चाक मिनिटाला ३१ फेरे घेतं. म्हणजे गाडी ताशी जेमतेम ४ किलोमीटरने चालते. माणूस शेजारून चालत वाट दाखवू शकेल, असा हा वेग आहे आणि दगडधोंड्यांत तोच हवा असतो.

म्हणूनच मोठे टायर बघून भुलू नका. त्याच गाडीला ३१ इंची टायर लावले की त्या ३२.४ चे प्रत्यक्षात साडेसत्तावीसच उरतात, कारण प्रत्येक फेऱ्यात चाक जास्त अंतर कापतं. गाडी दिसायला दांडगी होते आणि चढावर क्लच जाळते. स्पीडोमीटरही कमी दाखवायला लागतो: काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ७० ने पळत असते. ओडोमीटरचं तेच, म्हणजे असे टायर लावून फिरलेली गाडी काट्यावर दिसते त्यापेक्षा जास्त चाललेली आहे. काही जाणकार यावर उपाय म्हणून किंगमध्ये ९७० सीसीच्या जिप्सीची ट्रान्सफर केस बसवतात. लो रेंज २.५११ होते आणि गुणाकार ३६ च्या आसपास जातो. असं काम झालेली गाडी मिळाली तर ते नीट केलंय ना ते बघा, पण नाक मुरडू नका.

टॉर्कचा आकडा वाचताना तो किती फेऱ्यांवर मिळतो, हे बघायला विसरू नका. एमपीएफआय जिप्सीचा १०३ न्यूटन मीटर टॉर्क ४५०० फेऱ्यांवर मिळतो. सीजे ३बीच्या इंजिनाचा सुमारे १५५ न्यूटन मीटर, तोही २००० फेऱ्यांवर. जीपचे जुने आकडे उघड्या इंजिनावर, म्हणजे पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेले आहेत, त्यामुळे तुलना काटेकोर नाही. पण रेज न देता जीप का चढते आणि जिप्सीला का घुमवावं लागतं, ते यावरून समजतं.

३. कागद आधी, गाडी नंतर

गाडी आवडली की कागदांतल्या उणिवा दिसेनाशा होतात. म्हणून आधी आरसीचा फोटो मागवा आणि तो घरी शांतपणे वाचा. हवेत ते कागद असे:

- आरसी. त्यावरचं इंधन, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, आसनसंख्या, बॉडीचा प्रकार.
- चालू विमा आणि पीयूसी.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, विकणाऱ्याच्या सहीसह.
- परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र.
- आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र.
- विकणाऱ्याचं ओळखपत्र. आरसीवर नाव त्याचंच आहे ना, ते बघा.

गाडीला पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते दर वेळी पाच वर्षांसाठी होतं. वर पर्यावरण कर आहे. गाडी घेण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन आजचं शुल्क विचारा, कारण जुन्या गाड्यांचे दर गेल्या काही वर्षांत वाढले आहेत.

इथे लोक हमखास फसतात त्या जागा अशा. पहिली, इंजिन बदललेली जीप. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, हा प्रकार महिंद्रा जीपमध्ये फार आहे. आरसीवर त्या बदलाची नोंद नसेल, तर नूतनीकरणाला गाडी अडते आणि अपघात झाला तर विमाही अडतो. "आमचा एजंट करून देतो" हे उत्तर स्वीकारू नका. त्यानेच आधी करून द्यावं, मग पैसे.

दुसरी, दिल्लीची स्वस्त जिप्सी. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आल्यामुळे त्या कमी भावात मिळतात. पण ना हरकत प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात आलं आणि ते आपल्या आरटीओच्या नावाने आहे, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

तिसरी, सरकारी खात्यातून निघालेली गाडी. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या भंगारातच जातात. लष्कराच्या लिलावातली जिप्सी वेगळी. ती नोंदवता येते, मात्र लिलावाचे मूळ कागद हवेत. झेरॉक्सवर व्यवहार करू नका. लष्करी जिप्सी मजबूत वापरलेली असते आणि तितकीच नियमाने सांभाळलेलीही असते, त्यामुळे कागद पक्के असतील तर मला ती आवडते.

४. सोबत काय न्यायचं

टॉर्च, मोजपट्टी, खडू, लोहचुंबक, जाड पुठ्ठा किंवा ताडपत्री, दोन लाकडी ठोकळे, चांगला जॅक आणि टेकू. कॉम्प्रेशन गेज मिळालं तर उत्तम. आणि जुने कपडे, कारण अर्धा वेळ तुम्ही गाडीखाली असणार आहात.

५. गाडीखाली झोपा

सुरुवात चासीपासून. या दोन्ही घराण्यांत बॉडी वेगळी आणि चासी वेगळी. पत्रा सडला तर बदलता येतो, चासी सडली तर गाडी सोडून द्या. मागचा आडवा दांडा, कमानपाट्यांचे हँगर आणि बॉडी माउंटच्या जागा नखाने, मग पान्ह्याच्या टोकाने टोचून बघा. काळा रंग ताजा दिसला तर जास्त टोचा. कोकणातल्या गाडीला खारी हवा लागलेली असते, त्यामुळे तिथे बाहेरून साबूत दिसणारी चासी आतून पोकळ झालेली असू शकते. हातोडीने हलकेच ठोकून आवाज ऐका. बॉडीवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. विंडस्क्रीनची खालची चौकट आणि पायाखालचा पत्रा या जिप्सीच्या नेहमीच्या दुखऱ्या जागा.

आता पुढच्या ॲक्सलकडे या. चाक जिथे वळतं, तिथे आतल्या बाजूला लोखंडी गोळा दिसतो. त्याच्या आत जॉइंट असतो आणि बाहेरून सील. गोळ्यावर तेलाचा पातळ थर चालतो. पण तेल-ग्रीसची राबडी चाकापर्यंत ओघळली असेल, तर सील गेलं आहे आणि बहुधा आतल्या बेअरिंगांचंही काम निघेल. चाक वर उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळतं ती) किंवा चाकाची बेअरिंग. ताशी साठच्या आसपास स्टिअरिंग थडथडतं, त्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच असते.

मग फोर व्हील खरंच लागतं का, ते तपासा. यासाठी गाडी चिखलात न्यायची गरज नाही. मागच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावा, पुढचं एकच चाक उचला. टू व्हीलमध्ये ते चाक हाताने फिरवा: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा फिरता दांडा) फिरला पाहिजे. आता इंजिन बंद ठेवूनच गाडी गिअरमध्ये टाका आणि फोर व्हील लावा. चाक आता घट्ट अडलं पाहिजे. तरीही ते सहज फिरत असेल आणि शाफ्ट मात्र हलत नसेल, तर हबवरची (चाकाच्या मध्यावरची) फ्री-व्हीलिंगची, म्हणजे चाक दांड्यापासून सोडवणारी चकती मोकळ्या जागी आहे का ते पाहा. ती लॉक करूनही चाक फिरलं, तर दोष आत आहे: हबमध्ये, जॉइंटमध्ये किंवा ॲक्सलच्या दांड्यात. शाफ्टही सोबत फिरत असेल, तर दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा तिच्या लिव्हरमध्ये.

आता डिफरेन्शियलचं गुणोत्तर मोजा. मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर. पुढची चाकं ठोकळ्यांनी पक्की करा. गाडी न्यूट्रल आणि टू व्हीलमध्ये. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक स्थिर असल्यामुळे दोन फेऱ्यांना शाफ्ट जितका फिरतो, तेच गुणोत्तर. चारला थोडा कमी, तर ३.९०९, चारला थोडा जास्त, तर ४.१११, पाचला पुरता एक तृतीयांश जास्त, तर ५.३८. मग हेच पुढच्या ॲक्सलवर करा. पुढचं आणि मागचं जुळलं पाहिजे. एका ॲक्सलमध्ये ३.९०९ आणि दुसऱ्यात ४.१११ अशी गाडी फोर व्हीलमध्ये स्वतःशीच भांडते आणि काहीतरी तोडूनच थांबते. भंगार बाजारातून ॲक्सल आणून बसवलेल्या गाड्यांत हे सापडतं.

एक धोका लक्षात ठेवा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. सुझुकीच्या या घराण्यातही ही पद्धत आहे. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियलमुळे ते मोकळं फिरू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. ठोकळ्यांशिवाय जॅक लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

चाक खोलताना आणखी एक: विलीज़ घराण्यात डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी बोल्टच्या टोकावर कोरलेलं इंग्रजी 'एल' अक्षर शोधा, नाहीतर बोल्टच तुटून हातात येतो.

६. इंजिन

थंड इंजिन स्वतः सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा आणि निवू द्या. निळा धूर, रेडिएटरमधलं तेल, गळती हे नेहमीचंच. कॉम्प्रेशन मोजताना सगळी सिलिंडरं एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. सीजे ३बीचं कॉम्प्रेशन गुणोत्तर सातच्या आत आहे, त्यामुळे तिचे आकडे जिप्सीपेक्षा कमीच येणार, घाबरू नका. जिप्सीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर त्याचा खर्च भावातून वजा करा.

७. ब्रेक

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम आणि ब्रेक ऑईलची एकच लाईन. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. म्हणून प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघा आणि पेडल पूर्ण दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसलं तर गाडी चालवून बघूच नका. जीपच्या ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तिथलाही वास घ्या.

८. चालवून बघताना

डांबरी रस्त्यावर टू व्हीलमध्येच चालवा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये फरक सांभाळणारं डिफरेन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर व्हीलमध्ये वळवलं की शाफ्टांना पीळ बसतो. फोर व्हील आणि लो रेंज मातीवर, मुरमावर तपासा. लो रेंज गाडी थांबवूनच लावा. मग उतारावर पाय काढून घ्या: लिव्हर आपोआप निसटून न्यूट्रलला आला तर ट्रान्सफर केसचं काम आहे. जीपच्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो (गिअर न करकरता जुळवणारी कडी) नसतो, चालत्या गाडीत पहिला टाकताना करकर झाली तर तो दोष धरू नका. दुसऱ्यात टाकताना करकरली, तर धरा.

९. बदल आणि विंटेज नोंदणी

कंपनीने दिलेल्या रचनेत आपल्या मर्जीने बदल करायला कायद्याने मनाई आहे आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. त्यामुळे छत बदललेली, उंची वाढवलेली गाडी घेताना नूतनीकरणाच्या दिवशी ती मूळ रूपात उभी करता येईल का, हे विचारा. विकणाऱ्याकडे मूळ छत, मूळ बंपर पडून असतील तर तेही मागून घ्या.

गाडी पन्नास वर्षांवरची असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी मिळू शकते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ झालेली नसावी. आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच. डिझेल इंजिन बसवलेल्या जुन्या सीजे ३बीसाठी हा रस्ता जवळपास बंदच आहे. मूळ पेट्रोल इंजिनासह शाबूत असलेली जीप दिसली, तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

१०. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात

इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल, पाचही ठिकाणचं ऑईल काढून बदला. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो असतात, त्यांना जीएल-४ दर्जाचं ऑईल घाला, डिफरेन्शियलला जीएल-५. काढलेलं ऑईल पांढऱ्या तसराळ्यात ओता आणि चुंबक फिरवा. बारीक राखाडी चिखल चालतो, चकचकीत तुकडे आले तर ते कुठल्या बॉक्समधून आले ते लिहून ठेवा. शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला आणि कमानपाट्यांच्या शॅकलला, जिथे निपल आहे तिथे, ग्रीस मारा. ब्रेकच्या रबरी नळ्या सगळ्या नव्या घाला. आणि मोजलेली गुणोत्तरं, टायरचा आकार, इंजिन आणि चासी क्रमांक एका वहीत उतरवून गाडीतच ठेवा. सुटा भाग मागायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न त्यातलाच येतो.